अपडेट आणि अपग्रेड, दोन्हींना ‘अद्ययावत करणे’च?

प्रश्न
लिनक्सच्या कमांड लाइनवरच्या साधनांची माहिती मराठीत लिहायला घेतली आहे. प्रोग्रॅम बसवायच्या एपीटी या साधनातल्या ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी अपग्रेड’ या दोन्हींसमोर ‘अद्ययावत करणे’ लिहिलं गेलं आणि तिथेच गाडी अडली. शिवाय इन्स्टॉल, डाउनलोड, सिंक, डिपेंडन्सी (एका प्रोग्रॅमला चालायला लागणारं दुसरं काही) यांना तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १
दोन्हींना एकच शब्द अजिबात नको. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत अपडेट दिल्यावर एकही प्रोग्रॅम बदलत नाही. रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या ऑनलाइन भांडारात, कोणत्या पॅकेजची (बसवायला तयार प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याची) कोणती आवृत्ती आहे, याची यादी तेवढी नव्याने येते. ती यादी पाहून नव्या आवृत्त्या बसवायचं काम अपग्रेडचं. म्हणून मी ‘यादी ताजी करणे’ आणि ‘नवी आवृत्ती बसवणे’ असं लिहीन. ‘अद्ययावत केलं तरी जुनंच दिसतंय’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. मात्र हे एपीटीपुरतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समधल्या डीएनएफ या तशाच साधनात अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव आहे, तेव्हा कमांडचं नाव न बघता ती करते काय ते बघून शब्द द्या.

इन्स्टॉलला ‘बसवणे’. ‘स्थापित करणे’ कागदावर ठीक, पण बोलताना सगळे ‘बसवलंय का?’ असंच विचारतात. रिमूव्ह म्हणजे ‘काढणे’, पर्ज म्हणजे ‘समूळ काढणे’. रिमूव्हने पॅकेज जातं, पण सिस्टीमभर लागू असलेल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. पर्ज त्याही उचलतो. (तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगला मात्र तोही हात लावत नाही, म्हणजे ‘समूळ’ही तसं सैलच.)

प्रतिसाद २
डाउनलोडसाठी ‘उतरवून घेणे’. वहीतला मजकूर उतरवून घेतला तरी मूळ वही जागेवरच राहते, तसंच इथे. अपलोडला ‘चढवणे’ आहेच. १९७१ साली अभय भूषण यांनी एफटीपीचा, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धतीचा, पहिला आराखडा लिहिला. पुढे त्या साधनांमध्ये ‘गेट’ आणि ‘पुट’ या कमांडी रुळल्या, त्या कायम आपल्या बाजूने बोलतात: गेट म्हणजे तिकडून आणा, पुट म्हणजे तिकडे ठेवा. ‘आणणे’ आणि ‘ठेवणे’ इतकं साधं मराठी पुरतं.

एक फरक नोंदवा. कमांड लाइनवरून उतरवून घ्यायची दोन साधनं आहेत. १९९६चा डब्ल्यूगेट फाइल उतरवून थेट डिस्कवर ठेवतो. १९९८चा कर्ल मजकूर पडद्यावर ओततो; त्याच नावाची फाइल हवी असेल तर वजा चिन्हासह मोठा ओ द्यावा लागतो. तेव्हा कर्लच्या नुसत्या कमांडीपुढे ‘डाउनलोड करतो’ लिहिलंत तर वाचणारा फाइल शोधत बसेल.

प्रतिसाद ३
सिंकला ‘समक्रमण’ म्हणतात, पण फोल्डरची नक्कल ठेवणाऱ्या आरसिंक या साधनासाठी मला तो शब्द धोक्याचा वाटतो. समक्रमण म्हटलं की दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतील असं वाटतं. आरसिंक एकतर्फी आहे: पहिली जागा मूळ, दुसरी नक्कल. त्यात ‘डिलीट’ हा पर्याय जोडला की मुळात नसलेलं सगळं नकलेतून उडतं. त्याला ‘मुळाबरहुकूम करणे’ म्हणा, अर्थही पोचतो आणि इशाराही. आधी ‘ड्राय रन’ करून बघा असंही लिहा. मी त्याला ‘तालीम’ म्हणतो. काय काय होईल ते दिसतं, होत काहीच नाही.

आणि मूळ फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ विसरू नका. ‘फोटो’ लिहिलं तर पलीकडे फोटो नावाचं फोल्डर जातं. ‘फोटो’पुढे रेघ दिली तर फक्त आतला ऐवज जातो.

प्रश्नकर्ता
‘मुळाबरहुकूम’ उचलला! डिपेंडन्सी राहिलं. ‘अवलंबित्व’ चालेल?

प्रतिसाद १
ते नाव अवस्थेचं झालं, वस्तूचं नाही. ‘अवलंबून असलेली पॅकेजेस’ म्हटलं तर दिशाच उलटते, कोण कुणावर ते कळत नाही. एपीटीत या दोन दिशांना ‘डिपेंड्स’ आणि ‘आरडिपेंड्स’ अशा वेगळ्या कमांडी आहेत. पहिलीला ‘याला लागणारी पॅकेजेस’ आणि दुसरीला ‘याच्यावर विसंबलेली पॅकेजेस’ म्हणा.

प्रश्नकर्ता
मग ऑटोरिमूव्ह?

प्रतिसाद १
‘बिनकामाची झालेली काढणे’. तुम्ही स्वतः मागवलेली नाहीत. दुसऱ्या कुणाला लागत होती म्हणून आपोआप आली आणि आता कुणालाच लागत नाहीत, अशी.