गेम मास्टरचा निवाडा मोठा की पुस्तकातला नियम?

वीसबाजू (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्या घराण्यातले इतर रोलप्लेइंग गेम (ज्यांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका करतो आणि गेम मास्टर त्यांच्याभोवतीचे जग चालवतो) खेळणाऱ्यांमध्ये एक मत अलीकडे जवळपास गृहीत धरले जाते: नियमपुस्तक ही केवळ मार्गदर्शिका आहे, आणि खेळ रंगायचा असेल तर गेम मास्टरने ते हवे तेव्हा बाजूला ठेवावे. मला हे मत मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

या खेळात गेम मास्टरला सगळे जग ठाऊक असते आणि खेळाडूला तो सांगेल तेवढेच. दारामागे काय आहे, पहारेकरी किती आहेत, राजाचा प्रधान खरे बोलतो की खोटे, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात असते. अशा वेळी खेळाडूच्या हाती खात्रीचे म्हणून जे काही उरते, ते म्हणजे नियम. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला लांब उडीचा नियम पाहा. दहा फूट धावत येऊन उडी मारली, तर पात्राच्या ताकदीचा जो आकडा असेल तितके फूट अंतर ते पार करते, आणि उभ्या जागेवरून मारली तर त्याच्या निम्मे. त्यासाठी फासा टाकावा लागत नाही. ताकद १६ असलेल्या पात्रासमोर पंधरा फुटांची दरी आली की खेळाडूला कळते की आपण पलीकडे पोहोचणारच. तेव्हा दोर कमरेला बांधून उडी मारू, पलीकडच्या खडकाला तो अडकवू आणि मागच्यांना एकेक करून आणू. ही योजना त्या नियमामुळेच सुचते. कितीतरी टेबलांवर मात्र गेम मास्टर पुस्तक न पाहताच म्हणतो, "वीस बाजूंचा फासा टाका, पंधरा किंवा वर आला तर जमले." तिथे योजनेचा जुगार होतो, आणि पुढच्या वेळी तो खेळाडू योजना आखण्याऐवजी गेम मास्टरच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

दुसरा मुद्दा गणिताचा आहे. शक्यतांच्या बाबतीत माणसाचा अंदाज फार कच्चा असतो. वाड्यात लपतछपत शिरणाऱ्या पात्राला एका फाशात यश मिळण्याची शक्यता ७० टक्के आहे असे धरू. काम सोपे आहे या समजुतीने गेम मास्टर अंगणात, जिन्यावर, गच्चीवर आणि दारापाशी असा चार वेळा फासा टाकायला लावतो. चारही वेळा निभावण्याची शक्यता आता सुमारे २४ टक्के आहे. त्याच्या मनात अन्याय करायचा नसतो, तरी पात्र पकडले जाणार हे त्याने जवळपास ठरवून टाकलेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की जिथे नियम संपतो तिथे निवाडा सुरू व्हावा, त्याच्या आधी नव्हे.

जुना नकाशा

उडीचे उदाहरण मला पटले. त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही. या खेळाचा इतिहासच त्याच्या विरोधात जातो.

आपल्या खेळाचे एक मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. फॉन राइसविट्झ पितापुत्रांपैकी मुलाने १८२४ मध्ये क्रीगश्पील या युद्धखेळाचे नियम सिद्ध केले, त्यात नकाशा होता, फासे होते, हानीचे तक्ते होते आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसणारा पंच होता. अधिकाऱ्यांनी आज्ञा लिहून द्यायच्या आणि पंचाने तक्ते पाहून परिणाम सांगायचा, अशी ती रीत होती. पुढच्या काळात हे नियम इतके किचकट झाले की पंचाचे काम करणे जिकिरीचे होऊन बसले. अखेर १८७६ मध्ये फॉन फेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने असे सुचवले की फासे आणि तक्ते दूर सारावेत आणि अनुभवी पंचाने आपल्या समजुतीनुसार निकाल द्यावा. ज्यांना उद्या खरी लढाई लढायची होती अशा लोकांनी निवाड्याच्या बाजूने युक्तिवाद केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आले, तेव्हाही बरेच काही लिहायचे राहिलेले होते आणि ते टेबलावर ठरत असे. त्या नियमांत चोर हा वर्गच, म्हणजे पात्राचा प्रकारच, नव्हता. सामानाच्या यादीत दहा फुटी काठी मात्र होती, आणि खेळाडू ती घेऊन फरशी ठोकत, आवाज पोकळ येतो का ते विचारत, पाणी ओतून ते कुठल्या फटीत जिरते ते पाहत. १९७५ च्या पुरवणीत चोर आला आणि त्याच्याबरोबर कुलपे उघडण्याची, सापळे निकामी करण्याची, सावलीत लपण्याची टक्केवारी आली. लगेच असा प्रश्न उभा राहिला की लपण्याचा आकडा चोराकडेच आहे, तर बाकीच्यांना लपता येते की नाही? आदल्या वर्षापर्यंत ज्या गोष्टी कोणीही नीट वर्णन करून साधू शकत होता, त्या एका वर्गाची मालमत्ता झाल्या. एक नियम वाढला आणि बाकी सगळ्यांच्या हातातले काहीतरी कमी झाले, ही बाजू धागाकर्त्यांच्या मांडणीत कुठेच येत नाही.

आणि नियम शब्दशः पाळायचाच म्हटले तर तिसऱ्या आवृत्तीतला बुडण्याचा नियम वाचावा. श्वास संपून पात्र बुडू लागले की त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीवशक्तीचे गुण, शून्यावर येतात असे तिथे लिहिले आहे. म्हणजे घायाळ होऊन उणे आठवर गेलेल्या सोबत्याचे डोके बादलीत बुडवले तर तो शून्यावर येईल, अर्थात त्याची प्रकृती सुधारेल! असे कोणी खेळत नाही, कारण टेबलावर एक शहाणा माणूस बसलेला असतो.

वीसबाजू

फेर्दींचा दाखला आपण दिलात हे बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यातूनच अधिक स्पष्ट होतो. ते १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख मोल्टके यांच्या मुख्यालयात काम केलेले अधिकारी होते. चिखलाच्या रस्त्याने तोफखाना किती वेळात पुढे सरकतो, हे पंचालाही माहीत होते आणि समोरच्या अधिकाऱ्यालाही. त्यामुळे पंच चुकला तर तो का चुकला हे खेळणारा सांगू शकत होता. दोघांना ओळखीचे असलेले वास्तव हाताशी होते, म्हणून निवाडा चालला.

आपली काठी आणि फरशीसुद्धा याच कारणाने चालते. दगड, लाकूड, पाणी कसे वागते हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असते. पण जादूने अदृश्य झालेला माणूस पावसात उभा राहिला तर त्याची आकृती दिसते का? या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याही अनुभवात नाही. तिथे गेम मास्टरचे मत हे नुसते त्याचे मत असते आणि खेळाडूचे मतही तितकेच वजनदार असते. अशा ठिकाणी सर्वांसाठी समान असलेली एकच वस्तू असते, ती म्हणजे छापलेला मजकूर. जग जितके अपरिचित, तितकी लिखित नियमांची गरज अधिक, असे मी म्हणेन.

बुडण्याचा नियम सदोष आहे यात वाद नाही. सदोष नियम दुरुस्त करावा, तो सर्वांना सांगावा आणि मग खेळावे. एका सदोष कलमामुळे सगळे पुस्तक ऐच्छिक ठरत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

मी पुण्यातल्या एका गटात खेळते, आणि धागाकर्त्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट आमच्या टेबलावर खरी नाही. छापलेला मजकूर सर्वांसाठी समान आहे असे ते म्हणतात. पाचव्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक तीनशेहून अधिक पानांचे आणि इंग्रजीत आहे. आमचे खेळणे मात्र मराठीत चालते. ज्यांचे शिक्षण इंग्रजीतून झाले आणि ज्यांना ते पुस्तक चाळायची हौस आहे, त्यांना प्रत्येक मंत्राचे कलम तोंडपाठ असते. नव्याने आलेल्या मुलीला ते कलम दाखवून "तुला असे करता येत नाही" म्हटले जाते, तेव्हा तिच्या दृष्टीने निर्णय नियमाचा नसतो, समोर बसलेल्या वाचणाऱ्याचा असतो. याउलट गेम मास्टर जेव्हा "तुला काय करायचे आहे ते तुझ्या शब्दांत सांग" असे म्हणतो, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून बरोबरीने खेळते.

तरीही मी पूर्णपणे 'जुना नकाशा' यांच्या बाजूची नाही. निवाड्याचा खेळ बोलक्या माणसाला झुकते माप देतो. जिचे पात्र वाक्पटू आहे पण जी स्वतः बुजरी आहे, तिने प्रधानाला पटवायचे कसे? तिला फासा आणि त्यामागचा लिखित आकडा हवाच, नाहीतर प्रत्येक दरबारी प्रसंगात तीच दोन माणसे बोलत राहतात. मी हे वारंवार पाहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते.

वीसबाजू

भाषेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण तो थोडक्या आणि सर्वांना सांगता येतील अशा नियमांच्या बाजूचा युक्तिवाद आहे, नियम नसण्याच्या बाजूचा नव्हे. एका पानावर मराठीत लिहिलेले दहा नियम टेबलाच्या मध्यभागी ठेवले, तर ती मुलगी गेम मास्टरलाही अडवू शकते. निवाड्याच्या भरवशावर ते तिला कधीच जमणार नाही.

दोन फासे

आतापर्यंतच्या चर्चेत नियम म्हणजे खेळाडूंवरचा नियम असे सगळ्यांनी धरले आहे. २०१० मध्ये आलेल्या अपॉकॅलिप्स वर्ल्ड या रोलप्लेइंग गेमने गेम मास्टरलाच नियमांत बांधले. तिथे खेळाडू सहा बाजूंचे दोन फासे टाकतो आणि पात्राचा गुणांक मिळवतो. बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि सहा किंवा कमी आली तर गेम मास्टरची पाळी. अवघडपणाचा आकडा तो ठरवत नाही आणि स्वतः फासेही टाकत नाही. गुणांक शून्य असेल तर मधल्या टप्प्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के असते. काय मोजावे लागेल हे प्रसंग पाहून तो ठरवतो, पण काहीतरी मोजावे लागेल हे नियमाने आधीच ठरलेले असते. निवाडा आणि नियम एकाच फाशात इतके नीट बसवलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहेत.

जुना नकाशा

ही रचना मला आवडते, पण सगळ्या प्रसंगांना एकच साचा लावण्याची किंमत तिथेही द्यावी लागते. काठीने फरशी ठोकून सापळा सापडला असेल, तर मला फासाच नको आहे. खेळाडूने विचार केला, त्याला फळ मिळाले पाहिजे. फासा न मागण्याचा अधिकार हा गेम मास्टरचा सर्वांत मोलाचा अधिकार आहे, आणि तो मी कोणत्याही पुस्तकाला देणार नाही.

वीसबाजू

तो अधिकार आपल्याकडेच राहू द्या. माझा खरा विरोध पडद्याआडच्या फाशाला, म्हणजे गेम मास्टर आडोशामागे कोणाला न दिसता टाकतो त्या फाशाला, आहे. १९७९ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी फाशाचा कौल डावलण्याची मुभा स्पष्टपणे दिली, आणि तेव्हापासून पडद्यामागे अठरा पडले असताना बारा सांगण्याची प्रथा सद्गुण म्हणून मिरवली जाते. पात्र मरू नये असे वाटत असेल तर फासा टाकूच नये. टाकला, तर तो सर्वांसमोर टाकावा आणि जे पडेल ते मान्य करावे. काय पणाला लागले आहे आणि किती आकडा हवा, हे फासा हातातून सुटण्यापूर्वी सांगावे.

जुना नकाशा

आधी सांगणे आणि उघड्यावर टाकणे, दोन्ही मान्य. माझ्या टेबलावर पडदा नाहीच. मात्र आज दिलेला निवाडा पुढच्या महिन्यात, वेगळ्या गुहेत, वेगळ्या दगडावर मला बंधनकारक असेल हे मी मान्य करत नाही. ओला दगड आणि कोरडा दगड यांत फरक असतो आणि तो पाहण्यासाठीच मी तिथे बसलेला असतो.

वीसबाजू

फरक आहे तर तो चढण्याआधी सांगा, आणि त्याच ओल्या दगडावरून आपला राक्षस चढेल तेव्हा त्यालाही तोच आकडा लावा.

कोपऱ्यातली खुर्ची

राक्षसाला तोच आकडा लागला पाहिजे याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आमच्या गटात पुढच्या सत्रापासून एका वहीत असे निवाडे मराठीत लिहून ठेवण्याचे मी सुचवणार आहे, आणि ती वही गेम मास्टरकडे न ठेवता सर्वांत नव्या खेळाडूकडे द्यावी असाही माझा आग्रह राहील.