गुडघा बदलताना ‘लिगामेंट सैल करावं लागेल’ म्हणजे काय?

सावनी:
आईचे पाय गुडघ्यात धनुष्यासारखे वाकलेत, डावा तर पूर्ण सरळही होत नाही. सर्जन म्हणाले, हाडाचे काप चटकन होतात, वेळ जातो तो आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, सैल करण्यात. चांगल्या लिगामेंटला हात कशाला लावायचा? गुडघा डगमगणार नाही का?

हाडवैद्य:
मी हीच ऑपरेशनं करतो, म्हणून जरा सविस्तर. पाय वर्षानुवर्षं असा वाकला की आतल्या बाजूचं लिगामेंट आणि सांध्याचं आवरण आखडतं, बाहेरची बाजू ताणून ढिली पडते. नुसते काप सरळ घेऊन सांधा बसवला तर आत घट्ट, बाहेर सैल. मग भार आतल्या बाजूवरच पडतो आणि नव्या सांध्यातलं तिथलं प्लास्टिक लवकर झिजतं.

सुरुवात लिगामेंटपासून होत नाही. कडेला वाढलेली हाडाची टोकं, म्हणजे ऑस्टिओफाइट्स, लिगामेंटला खालून ताणून धरतात. ती काढली की पुष्कळदा पाय तिथेच सरळ होतो! नाही झाला तर लिगामेंटचा खोल थर नडगीच्या हाडावरून सोडवायचा, मग मागचा-आतला कोपरा. वरचा मुख्य थर अगदी शेवटी, तोही बहुतेकदा सुईने जागोजागी टोचून थोडा थोडा. प्रत्येक पायरीनंतर पाय सरळ ठेवून आणि ९० अंशात वाकवून दोन हाडांच्या कापांमधली फट मोजायची. दोन्ही वेळा ती सारखी, आयताकृती हवी.

डगमगण्याची शंका रास्त आहे. सैल केलेलं परत आवळता येत नाही. जास्त सुटलं तर जाड प्लास्टिक घालावं लागतं, तेवढ्यानं भागलं नाही तर जास्त आधार देणारा वेगळा सांधा. म्हणून या कामात कंजूष सर्जन मला आवडतो.

निशिगंध:
रोबोट असला की हे सगळं टळतं ना?

हाडवैद्य:
टळत नाही, कमी होऊ शकतं. काप घेण्याआधीच फटी मिलिमीटरमध्ये दिसतात, त्यामुळे काप एखाद-दोन अंश फिरवून लिगामेंट वाचवता येतं. टोकं काढायला हातच लागतो.

सावनी:
आणि सरळ न होण्याचं?

हाडवैद्य:
त्यासाठी मांडीच्या हाडामागची टोकं काढतात, मागचं आवरण सोडवतात. तरी अडलं तरच मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा काप एक-दोन मिलिमीटर वाढवायचा.

फिजिओताई:
घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी. टाचेखाली गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली दाबायला सांगा. हे पेशंट सगळ्यात जास्त टाळतात.