गाण्याला वेगळं यंत्र की हातातल्या यंत्राला शेपूट?

कृष्णाकाठ (सांगली)

दिवाळीआधी माळा आवरायला चढलो आणि दोन तासांनी एक निळा डबा हातात घेऊन उतरलो. माळा होता तसाच आहे. (त्यावर बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.)

डबा म्हणजे हँडस्प्रिंगचा व्हायझर. नव्या मंडळींसाठी सांगतो. पत्ते, फोन नंबर, कामांच्या याद्या टिपून ठेवायला तळहाताएवढी यंत्रं मिळायची, त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या काडीनं लिहायचं. पामचं पहिलं यंत्र १९९६ चं. ते घडवणारी मुख्य मंडळी बाहेर पडली, १९९८ मध्ये त्यांनी हँडस्प्रिंग काढली आणि १९९९ मध्ये व्हायझर आणला. त्याच्या पाठीला एक खाच होती, तिचं नाव स्प्रिंगबोर्ड. खाचेत कॅमेरा घाला, जीपीएस घाला, वाटल्यास चक्क फोन घाला. २००१ मध्ये मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी व्हायझर आणला आणि सोबत त्या खाचेत बसणारं गाण्याचं मॉड्युल, ६४ एमबीचं. म्हणजे एमपीथ्री बेताच्या दर्जाची ठेवली तर तासभर गाणं. मी गल्लीभर मिरवलो.

ऑफिसातला एक सहकारी तेव्हाच म्हणाला होता, "गाण्याला वेगळं यंत्र घे, हे शेपूट आहे." मी हसलो होतो. पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. २००२ मध्ये हँडस्प्रिंगनं ट्रिओ काढला, डायरी आणि फोन एकत्र, त्याला खाच नव्हती. २००३ मध्ये कंपनीच पाममध्ये परत गेली. मॉड्युल धडधाकट, पण नव्या कुठल्याच यंत्रात त्याला जागा नाही.

आता पुन्हा तोच प्रश्न दारात आहे. नव्या फोनला हेडफोनचं भोक नाही. मुलगा म्हणतो, हजार-दीड हजारात बोटभर डॅक मिळतो, म्हणजे हेडफोन लावायचा बारका जोड, तो फोनच्या खाली लावा. माझं मन वेगळ्या प्लेअरकडे ओढतंय, आठ-दहा हजार गेले तरी. शेपटाचं आयुष्य जनावराच्या आयुष्याएवढंच, हे मी एकदा पाहिलंय. तुमचं काय म्हणणं?

घाटपार (सातारा)

काका, तुमची गोष्ट तुमच्याच विरोधात साक्ष देतेय.

स्प्रिंगबोर्डची खाच एकट्या हँडस्प्रिंगची होती. ती कंपनी गेली, खाच गेली. यूएसबी-सी, म्हणजे फोनचं चार्जिंगचं भोक, कुणा एकाचं नाही. माझा डॅक माझ्या फोनला लागतो, बायकोच्या फोनला लागतो, ऑफिसच्या लॅपटॉपला लागतो. उद्या फोन फुटला तर नवा फोन घेईन, डॅक तोच. हे शेपूट उपटून दुसऱ्या जनावराला लावता येतं.

दुसरं म्हणजे, मी आठवड्यातून दोनदा सातारा–स्वारगेट करतो. खिशात फोन, पाकीट, किल्ल्या, तिकीट. आणखी एक यंत्र ठेवू कुठं, टोपीत? आणि त्याचा चार्जर वेगळा, केबल वेगळी, विसरायची सोय वेगळी.

दोन_अधिक_दोन (कुपवाड)

दोघांचीही मापं थोडी चुकताहेत.

कृष्णाकाठ, तुमच्या व्हायझरचा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा. एमपीथ्री म्हणजे दाबून लहान केलेलं गाणं, ते उलगडून वाजवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे टिक-टिक, पिक-पिक. म्हणून मॉड्युलमध्येच गाणी उलगडणारी चिप, मॉड्युलमध्येच साठा, हेडफोनचं भोकही त्याच्याच अंगावर. पाहुण्यानं भाजी आणायची, चिरायची, फोडणी द्यायची आणि यजमानानं फक्त ओटा द्यायचा, असा प्रकार. त्याला शेपूट म्हणणं अन्यायाचं आहे. तो वेगळा प्लेअरच होता, दुसऱ्याच्या घरात राहणारा.

आजचा डॅक बरोबर उलटा. साठा फोनचा, उलगडणं फोनचं, वीजही फोनची. डॅक शेवटी आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो, एवढंच. म्हणून तो स्वस्त आहे आणि म्हणूनच फोनच्या खोडी त्याला भोगाव्या लागतात. उदाहरण सांगतो. सीडीवरून उतरवलेली फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची असते. अँड्रॉइड सगळ्या अ‍ॅपांचे आवाज एकत्र मिसळताना बऱ्याच फोनवर सगळं ४८,००० वर आणतो. अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवरून मूळ आकडे जसेच्या तसे पाठवायची वाट मोकळी झाली, पण फोनवाल्यानं आणि अ‍ॅपवाल्यानं ती वापरली तर. कानाला फरक कळतो का? मला तरी नाही. पण इथे कळणारे भेटतील, म्हणून आधीच सांगितलं.

घाटपार (सातारा)

>> दुसऱ्याच्या घरात राहणारा

मग भाडेकरूच म्हणा की. घरमालक गेल्यावर रस्त्यावर आलाच ना?

तुम्ही दोघांनी एक गोष्ट सोडलीत. त्या खाचेत फोनसुद्धा बसायचा असं काका म्हणाले. म्हणजे डायरी ही मालक आणि फोन पाहुणा. दोनच वर्षांत ट्रिओमध्ये फोन घरात शिरला आणि आज डायरी कुठंय? फोनच्या पोटात. कॅमेरा, जीपीएस, गाणी सगळं पोटात. ती लढाई वेगळ्या प्लेअरनंही जिंकली नाही आणि मॉड्युलनंही नाही. आयपॉड २००१ मध्ये आला, ५ जीबीचा, त्यानं वीस वर्षं राज्य केलं आणि २०२२ मध्ये तोही बंद झाला. एकदा सगळं पोटात गेल्यावर पुन्हा बाहेर कशाला काढायचं?

तंबोरा_मिरज

कशाला काढायचं ते मी सांगतो. आमच्याकडे हाच वाद रोज होतो, फक्त यंत्राचं नाव वेगळं.

मी गाणं शिकवतो. पूर्वी शिष्य तंबोरा घेऊन बसायचे. मग इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी ती १९७९ च्या सुमारास बनवली, स्वतः बासरी वाजवणारे इंजिनिअर. आता मुलं फोनवरचं अ‍ॅप लावतात. आवाज? खरं सांगतो, चांगल्या अ‍ॅपचा आवाज जुन्या पेटीपेक्षा बरा आहे. जवारी लागल्याचा, म्हणजे तारेच्या त्या झणकारणाऱ्या गुंजनाचा, भास तरी होतो. (सतारमेकर गल्लीत हे बोलू नका. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिथली मान आणखी ताठ आहे, आणि ती असावीच.)

तरी वर्गात अ‍ॅपला बंदी आहे. सकाळी मुलगी खर्जाचा सा लावून बसली, दहा मिनिटांनी आवाज जरा स्थिर झाला, आणि तंबोरा थांबून कर्ज देणाऱ्या बाईचा फोन. सा गेला. तो परत लावायला पुन्हा दहा मिनिटं. पेटीचा आवाज उणा असेल, पण पेटीला कुणी फोन करत नाही.

ऐकण्याचंही तसंच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रणं तीन-साडेतीन मिनिटांची. तबकडीच तेवढी होती. तेवढ्यात झिंझोटी राग उभा राहतो. त्या साडेतीन मिनिटांत फोन एकदा टुंग वाजला तरी मी ती पुन्हा पहिल्यापासून लावतो.

घाटपार (सातारा)

गुरुजी, विमान मोड नावाचं एक बटण असतं.

तंबोरा_मिरज

असतं. ते दाबलं की सव्वा तासात घरून माणूस येतो, "फोन का बंद आहे, सगळं ठीक ना?" म्हणून. एकदा आलाय. सायकलवर.

खणभाग_पेठ

मी गाण्यातला न्हवं, पण एक सांगतो बघा. २०१९ च्या सांगलीच्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं, आम्ही वरच्या मजल्यावर. लाईट गेली ती कितीतरी दिवस. फोनमध्ये जी काय बॅटरी होती ती देवाच्या दिव्यासारखी जपली. दिवसातनं दोनदा चालू करायचा, बहिणीला "हाय जित्ता" म्हणायचं, बंद. त्यावर गाणी वाजवली असती तर आईनं फोनसकट मला पाण्यात टाकलं असतं.

वाजत काय होतं? वडलांचा ट्रान्झिस्टर. दोन पेन्सिल सेल. आख्खी गल्ली खिडकीत कान लावून पाण्याची पातळी ऐकत होती, आणि बातम्या संपल्या की गाणी.

तवा वेगळं यंत्र पायजेच. पण ते सेलवर चालणारं पायजे. आतनं चिकटवलेल्या बॅटरीचं काय कामाचं?

दोन_अधिक_दोन (कुपवाड)

हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे आणि तो डॅकच्याही विरोधात जातो, आजच्या प्लेअरच्याही. १९९८ चा रिओ नावाचा एमपीथ्री प्लेअर, ३२ एमबीचा, एका पेन्सिल सेलवर चालायचा. व्हायझर दोन बारक्या सेलवर. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. आजचे बहुतेक प्लेअर लिथियमच्या चपट्या बॅटरीवर चालतात, आणि ती पाच-सहा वर्षांत थकते.

घाटपार (सातारा)

थकते? माझ्या वेगळ्या प्लेअरची तर फुगली. होय, मीही एकदा घेतला होता, नाव सांगत नाही. दोन पावसाळे कपाटात पडला, तिसऱ्या पावसाळ्यात पाठीमागचं झाकण उचललेलं. पुण्यात दुरुस्तीवाल्यानं हात लावला नाही, म्हणाला बॅटरी मिळत नाही. म्हणजे काका, जनावर शेपटाआधी मेलं!

खणभागातल्या दादांना एवढंच सांगतो, की आता पॉवर बँक असते. पण पुराचं मान्य. त्या आठवड्यात आम्ही साताऱ्यात बसून नुसते फोन लावत होतो, लागत नव्हते.

नववी_तुकडी_ब

सगळे एवढं का भांडताय? सगळी गाणी अ‍ॅपवर आहेत. काही साठवायचंच कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)

बाळा, सगळी नाहीत.

माझ्याकडे तीनशेच्या वर कॅसेट होत्या. गेल्या चार वर्षांत एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, शंभरेक जीबी झाल्या. त्यात माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, १९८४ च्या. मागे जात्याची घरघर आणि मध्येच "ए, कुत्रं शिरलं बघ आत." ते कुठल्या अ‍ॅपवर मिळतं ते मला सांग. आणि माझ्या नव्या फोनला हेडफोनचं भोक जसं नाही तशी कार्डाची खाचही नाही. शंभर जीबी फोनमध्ये भरले तर नातवाच्या फोटोंना जागा उरत नाही.

घाटपार, यूएसबी-सीचं तुमचं बरोबर आहे. मी खाच आणि खाच एकच धरली, ती चूक. पण त्या एकाच भोकातून चार्जिंगही आणि गाणंही. रात्री पडल्यापडल्या ऐकायचं तर यातलं एकच करता येतं. मग दोन्ही लावायला आणखी एक फाटा घ्या. शेपटाला शेपूट.

घाटपार (सातारा)

हे मात्र खरं. बसमध्ये मलाही खंबाटकीपर्यंत पोचेस्तोवर ठरवावं लागतं, गाणं की बॅटरी. आणि त्या भोकात सारखं घाल-काढ करून ते सैलही होतं. माझ्या आधीच्या फोनचं झालं, केबल वाकवून धरल्याशिवाय चार्ज होत नव्हता.

तरी मत बदललेलं नाही. तुमच्यासारखे कॅसेट उतरवणारे किती? बाकीच्यांना एक फोन आणि बोटभर डॅक पुष्कळ झाला.

दोन_अधिक_दोन (कुपवाड)

बाकीच्यांचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी विचारलं त्यांनी स्वतःसाठी विचारलं.

कृष्णाकाठ, प्लेअर घ्यायचा तर तीन गोष्टी बघा, बाकी जाहिरात. कार्डाची खाच हवी. फोल्डरनुसार गाणी दिसली पाहिजेत, नाहीतर तीनशे कॅसेटी "अनोळखी कलाकार" या एकाच नावाखाली सापडतील. आणि बटणं खरीखुरी, अंधारात बोटाला कळणारी. आत अँड्रॉइड असलेला घेऊ नका, तो म्हणजे फोनच, फक्त बोलता न येणारा. आणि कपाटात ठेवायचा झालाच तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.

खणभाग_पेठ

आणि त्या निळ्या डब्यात सेल घालून बघितला का न्हाई अजून कुणी? सगळे त्याच्या मयताला बसल्यागत बोलायला लागलेत.

कृष्णाकाठ (सांगली)

खणभागकर, तुमचं वाचलं आणि चपला घालून खाली गेलो. दोन सेल आणले.

व्हायझर सुरू झाला. आत काही नाही. सेल संपले की त्याची स्मृती पुसली जाते हे विसरलोच होतो. २००१ चे सगळे पत्ते, वाढदिवस, कुणाकुणाची उसनवारी, सगळं कोरं. तारीख घाल म्हणाला.

मग मॉड्युल खोचलं. त्याचं सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या पोटात असतं, त्यामुळे खोचल्याबरोबर पडद्यावर त्याचं चित्र आलं. यादी उघडली. गाणी जागच्या जागी. वीज नसली तरी टिकणारी स्मृती ती, घरमालकाची पाटी कोरी आणि भाडेकरूचं सामान तस्सं. हेडफोन जुनाच लावला, त्याचा स्पंज हातात कुस्करला गेला, पण वाजला.

घाटपार (सातारा)

म्हणजे शेपूटच जिवंत निघालं!! आता बोला. प्लेअर घेताय की नाही?

कृष्णाकाठ (सांगली)

घेणार. दोन_अधिक_दोन यांची यादी खिशात आहे. पण आज ते राहू दे.

पहिलाच राग पूरिया धनाश्री लागला. बडा ख्याल पूर्ण आहे. तेव्हा ६४ एमबीत सगळं मावेना म्हणून द्रुत बंदिश मीच कापून टाकली होती, आणि ती मूळ कॅसेट पुढे कुणीतरी नेली ती नेलीच. तंबोरा_मिरज, येत्या गुरुवारी दर्ग्याजवळ एका कामाला येतोय. तुमच्याकडे पूरिया धनाश्रीच्या कोणकोणत्या कॅसेट आहेत? ऐकवली तर ओळखेन. कॅसेट तिथंच ठेवा, मी उतरवायचं यंत्र घेऊन येतो.

तंबोरा_मिरज

सहानंतर या. आधी वर्ग असतो. फोन बंद करून.