बेलोदेदिच : नशिबवान, पळपुटा, की नुसताच भारी स्वीपर?

स्वीपरभक्त :
'फक्त_किवू' यांनी काल फर्मावलंय : "बेलोदेदिच म्हणजे पेनल्टीच्या पुण्याईवर दोन युरोपियन कप मिळालेला माणूस. रोमानियाचा खरा डिफेंडर एकच, किवू." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी : बेलोदेदिच हा रोमानियाचा स्वीपर, म्हणजे बचावफळीच्या मागे राहून शेवटची अडवाअडवी करणारा; किवू हा त्याच्यानंतरच्या पिढीतला.

८६ ला युरोपियन कपच्या (युरोपातल्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेच्या) फायनलला सेव्हिलमध्ये त्याच्या क्लबसमोर, रोमानियाच्या स्तेआवासमोर, बार्सिलोना, तेही स्पेनमध्येच. १२० मिनिटं गोल होऊ दिला नाही. पुढे गोलकीपर डुकादामनं चारही पेनल्टी अडवल्या, मान्य. पण सामना पेनल्टीपर्यंत नेला कुणी? ९१ च्या फायनलला इटलीतल्या बारीत सर्बियातल्या रेड स्टारकडून फ्रान्सच्या मार्सेयसमोर पुन्हा तेच. आणि तिथली तिसरी पेनल्टी या 'नशिबवाना'नंच मारली, आत गेली. दोन वेगळ्या क्लबांकडून फायनल खेळून हा कप जिंकणारा जगातला पहिला खेळाडू आहे तो. असं नशीब आम्हालाही द्या.

फक्त_किवू :
दोन फायनल, २४० मिनिटं, त्याच्या टीमचे गोल शून्य. ९१ ची फायनल पूर्ण पाहिलीय का कधी? मी पाहिलीय. प्रोसिनेच्की, सावीचेविच, पांचेव्ह अशी पोरं हाताशी असताना ठरवून मागे बसून राहिले.

किवूची २०१० च्या जानेवारीत किएव्होविरुद्ध कवटी फुटली. मे महिन्यात तो हेल्मेट घालून इंटरकडून बायर्नसमोर त्याच कपच्या फायनलला लेफ्ट बॅक. याला करिअर म्हणतात! आणि ९४ चा वर्ल्ड कप सोयीनं विसरलात. स्वीडनचे दहाच जण उरलेले, आपण २-१ पुढे, तरी गोल खाल्ला. शेवटी त्यांचा गोलकीपर राव्हेल्लीनं कुणाची पेनल्टी अडवली?

स्वीपरभक्त :
राव्हेल्लीनं बेलोदेदिचबरोबर आपल्या पेत्रेस्कूचीही अडवली होती. त्याच्यावर कधी धागा काढलात? आणि 'आपण' म्हणजे कोण? तुमचं गाव किवूचं रेशिता का?

पेठेतला_बॅक :
पेनल्टीचं ऱ्हाऊ द्या. ज्या क्लबनं मोठं केलं तो सोडून ८८ ला पळाला कशाला, ते सांगा. आमच्या कोल्हापुरात पेठेतलं पोरगं पलीकडच्या तालमीकडनं खेळाय लागलं तर घरच्यांना तोंड दाखवाय जागा उरत न्हाई. माझा धाकटा भाऊच गेलता. बूट आन् थोडे पैसे, एवढ्यासाठी. शाहू स्टेडियमवर अख्ख्या गल्लीनं त्याला शिव्या घातल्या. मीबी घातल्या. आजबी काय वाटत न्हाई त्याचं.

स्वीपरभक्त :
अहो, तुमच्या भावानं गल्ली ओलांडली, यानं हुकूमशहा चाउशेस्कूचा देश. स्तेआवा सैन्याचा क्लब होता. हा पळाल्यावर त्याच्या गैरहजेरीत देशद्रोहासाठी दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. वर युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, वर्षभराची बंदी. मूळचा सर्ब माणूस, सीमेवरच्या सोकोल गावचा, लहानपणापासून रेड स्टारवर जीव. आपल्या माणसांत गेला, एवढंच.

बाँडपीडिता :
फुटबॉलमधलं मला जेमतेम कळतं, नवऱ्यामुळे. पण 'निष्ठा' शब्द आला की मस्तकात जाते. पहिल्या नोकरीत माझी मूळ सर्टिफिकेटं कंपनीनं ठेवून घेतलेली. सोडायचं म्हटल्यावर बाँडचे पैसे मागितले, वर साहेबांचं तासभर प्रवचन. निष्ठा नेहमी खालच्यानंच ठेवायची का? शिवाय नवरा म्हणतो, स्तेआवा तेव्हा लीगचे १०४ सामने हरलीच नव्हती. राज्यकर्त्याचा मुलगा पाठीशी असताना हरणार कशी?

पेठेतला_बॅक :
नोकरी आन् मैदान एक नसतंय, ताई. टीमला दगा दिला की दिला. हा गेला आन् ८९ च्या फायनलला मिलाननं स्तेआवाला चार घातले. खुलित दोन, व्हॅन बास्टेन दोन. मागं भगदाड पडलेलं. हा असता तर चार बसले असते व्हय?

स्वीपरभक्त :
आहाहा! फक्त_किवू, वाचलंत? साक्षीदार तुमच्या बाजूचा आहे.

फक्त_किवू :
माझ्या बाजूला कुणी नाही, मी एकटा पुरेसा आहे. बरं, चांगला होता. चेंडू पायात आला की उगाच उडवून द्यायचा नाही, शांतपणे पुढे घेऊन यायचा. एवढं देतो, याहून जास्त मागू नका. २००० च्या युरोच्या संघात दोघंही होते, हा ३६ चा, किवू १९ चा. इंग्लंडविरुद्ध गोल कुणाचा? किवूचा.

स्वीपरभक्त :
तो क्रॉस होता. वाऱ्यानं आत गेला.

फक्त_किवू :
वाऱ्यानं! आणि म्हणे नशिबाचं बोलायचं नाही!!

पेठेतला_बॅक :
तुमचं चालू द्या. दगा देणाऱ्याचं काय, यावर कुणीच बोलंना.

स्वीपरभक्त :
बोलतो. त्याच स्तेआवानं ९८ ला त्याला परत घेतलं. त्यांचा राग गेला, तुमचा कसा काय शिल्लक?

पेठेतला_बॅक :
ते रोमानियावाले. आमच्यात तसलं चालत न्हाई.

बाँडपीडिता :
दादा, एक विचारू? भावाला बूट तुमच्याच तालमीनं का दिले नव्हते?