मदत हवी आहे: संत्र्याच्या बहराचा वास कुठल्या परफ्यूममध्ये सापडेल? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आंबिया बहराच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जे संध्याकाळी गेले असतील त्यांना मी काय शोधतोय ते लगेच कळेल. फळाचा नाही, सालीचाही नाही, फुलाचा वास. गोडसर, मधाची झाक असलेला, आणि त्यामागे पान चुरगळल्यावर येतो तसला हिरवा कडवटपणा. या कडवटपणावरच माझा सगळा जीव आहे.

परफ्यूमवाले आपल्या संत्र्याचं नाही, कडू संत्र्याचं फूल वापरतात. वाफेवर काढलेलं तेल म्हणजे नेरोली, द्रावकाने काढलेला अर्क म्हणजे ऑरेंज ब्लॉसम ॲब्सोल्यूट. नेरोली हिरवट आणि हलकी, ॲब्सोल्यूट जड आणि मधाळ. मला बहुतेक दोन्ही एकत्र हवेत.

आतापर्यंत काय काय लावून पाहिलं: ४७११ या कोलोनमध्ये नेरोली आहे, पण लिंबू आणि रोझमेरी पुढे येतात आणि बघता बघता मनगटावर काही उरत नाही. टॉम फोर्डचं नेरोली पोर्टोफिनो मुंबईला कागदी पट्टीवर घेऊन पाहिलं. सुंदर आहे, पण फार धुतलेलं, साबणासारखं स्वच्छ. बागेतला ओलावा नाही. इतवारीतल्या एका अत्तरवाल्या चाचांनी फाया भरून कानात ठेवायला दिला, तो सुरुवातीला जवळजवळ तोच वास होता! घरी येईपर्यंत मात्र फूल गेलं, खालचं चंदनच राहिलं. तरी आत्तापर्यंतचं सगळ्यात जवळचं तेच.

तर जाणकारांनी सांगावं:

मधाळ आणि कडवट, दोन्ही अंगांनी जाणारा ऑरेंज ब्लॉसम कोणता? मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की आपल्याकडे गोड वास डोक्यात जातात, म्हणून उन्हाळ्यात वापरलेल्यांचं मत जास्त मोलाचं.

आणि नागपुरात पट्टीवर नाही, अंगावर लावून दिवसभर फिरू देतील अशी दुकानं कुठली? सीताबर्डी-सदरकडे बरेच ठिकाणी टेस्टर मागितला की आधी बाटली घेणार का विचारतात. १०० मिलीची बाटली न लावता घ्यायची माझी तयारी नाही. ५ मिलीचे डिकँट (मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेला परफ्यूम) खात्रीने अस्सल देणारं कोणी माहीत असेल तर सांगा. नागपुरात कोणी बाटली वाटून घेणार असेल तर मी अर्धा खर्च उचलतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.