मदत हवी आहे : हातातले 'तोडे' हा शब्द मूळचा कुठला?

नमस्कार मंडळी, आज्जीच्या दागिन्यांची नावं अर्थासकट लिहून काढतेय आणि तोड्यांपाशी अडकलेय. आम्ही खानापूरकडचे, घरात मराठी, गल्लीत कन्नड. पायातले तोडे नव्हेत हं, हातातले, भरीव, दोरीसारखा पीळ दिलेले आणि फिरकी लावून बंद होणारे. काकणाचं सोपं आहे, ते संस्कृत कंकणावरनं आलं, पण तोड्याचं काय?

शेजारच्या अक्का म्हणतात शब्द कन्नडच, 'तोडु' म्हणजे अंगावर घालणं आणि 'तोडिगे' म्हणजे दागिना. मला हे बरंच पटतंय, कारण जुन्या तमिळमध्येही 'तोडि' म्हणजे कांकणच. पण मग हिंदीत तोडा कसा? आणि मराठीत बंदुकीची वात, पैशांची थैली, कथकमधला तुकडा या सगळ्याला तोडा म्हणतात, तिथं अंगावर घालण्याचा काय संबंध? सोनार सांगतो 'तोडणे'वरनं आलाय, तुकडे जोडून करतात म्हणून, ते काय मला पटत नाही, आज्जीचे तर अखंड आहेत.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७) आणि किटेलचा कन्नड कोश (१८९४) चाळून झालेत, कृपया दुसरं काहीतरी सुचवा. किंमत, वजन, डिझाईन यातलं काही नकोय.

जुन्या मराठीत 'तोडर' आहे, ब्रीदाचा (म्हणजे बिरुदाची खूण म्हणून घालायचा) तोडर म्हणतात तो, पण तो पायातला. आपले तोडे त्याच तोडरावरनं आलेत का, आणि हातातल्या दागिन्यासाठी हा शब्द जुन्या मराठी मजकुरात कुणाला कुठं दिसलाय का?