शब्दचर्चा: समुद्रात खाण नाही, मग ‘खनिजीकरण’ कसलं?

समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकलेय, मिनरलायझेशन. त्याला ‘खनिजीकरण’ म्हणतात, चूक नाही, पण खनिज म्हणजे खाणीतून निघालेलं आणि इथे तर मेलेलं प्लवक (पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव), प्राण्यांची विष्ठा असलं सगळं जिवाणू खातात आणि त्यातला कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) परत पाण्यात सुटं होतं, यात खाण कुठून आली? वाचणाऱ्याला वाटेल समुद्रात दगड तयार होतायत. बरं, तसंही होतंच, कोकोलिथोफोर नावाचं एकपेशीय प्लवक स्वतःभोवती चुन्याच्या इवल्या चकत्या रचतं, मग त्यालाही खनिजीकरणच म्हणायचं का? दोन उलट्या गोष्टींना एक शब्द कसा चालेल?

—

अहो, शब्द घरातच आहे, ‘कुजणं’. शेणखत नीट कुजलं की नत्र पिकाला लागू होतं असं आपण सहज म्हणतो, तीच क्रिया खाऱ्या पाण्यात चालते. कुजवणारे फक्त दिसत नाहीत, एका मिलीलिटरमध्ये म्हणजे वीसेक थेंबांत दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात. चकत्यांसाठी ‘खनिजनिर्मिती’ ठेवा, गोंधळ मिटला. आणि कर्ब, नत्र, स्फुरद हे शब्द वापरताय ते फार बरं वाटलं, शेतीत ते रोज बोलले जातात, समुद्राला वेगळे कशाला हवेत.

—

‘कुजणं’ घेतेच, पण त्यात निम्मीच गोष्ट येते. सुटं झालेलं नत्र-स्फुरद पाणी वर आलं की पुन्हा नव्या प्लवकात जातं, हे फिरणं त्यात दिसत नाही. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं की प्लवकाच्या शरीरात आणि खोल पाण्यात नत्र-स्फुरदाचं प्रमाण जवळपास सारखंच भरतं, पुढे कर्ब, नत्र, स्फुरद १०६:१६:१ असं ते रूढ झालं. म्हणजे सजीव आणि पाणी एकमेकांना घडवतायत, आणि हे मला शब्दात आणायचंय.

—

मग ‘मोकळं होणं’ बघा. नत्र प्लवकात अडकतं, कुजल्यावर मोकळं होतं. अडकणं-मोकळं होणं ही जोडी आली की चक्र आपोआप दिसतं, आणि शास्त्रीय नाव हवंच असेल तर एकदा ‘पुनर्खनिजीकरण’ लिहून पुढे साधं लिहा. माझी खरी तक्रार ‘जैविक पंप’बद्दल आहे, म्हणजे सजीवांमार्फत कर्ब वरून खोल समुद्रात जातो त्याला दिलेल्या नावाबद्दल. पंप म्हटलं की पाणी वर चढवणारं यंत्र डोळ्यासमोर येतं आणि इथे तर कर्ब खाली जातो, प्लवकाचे अवशेष भुरभुरत तळाकडे जातात आणि वाटेतच बहुतेक कुजून जातात, वर तयार झालेल्या शंभरातला जेमतेम एखादा भाग तळाला पोचतो. या पडणाऱ्या अवशेषांचं ‘सागरी हिम’ हे नावसुद्धा मला परकंच वाटतं, बर्फ न पाहिलेल्याला काय कळणार, मी ‘भुरभुर’ म्हणेन. ‘साका’ नको, साका म्हणजे तळाशी बसून गेलेला, हे अजून पडतंय.

—

भुरभुर! घेतलं. आता शेवटचं एक. जिवाणूंनी खाऊनही काही कर्ब उरतोच, पाण्यात विरघळलेला, गाळणीतून गाळलं तरी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तो त्यातच असतो. समुद्रभर विरघळलेला सेंद्रिय कर्ब सुमारे ६६० अब्ज टन आहे, त्यातला बहुतेक असाच न कुजणारा, आणि खोल पाण्यातल्याचं सरासरी वय ४ ते ६ हजार वर्षं निघतं. ‘दुर्विघटनशील’ लिहिलं होतं, मलाच वाचताना ठेच लागली.

—

‘चिवट’. चिवट कर्ब. ‘मुरलेला’ही सुचला होता पण मुरल्यावर लोणचं चविष्ट होतं, हा तर कुणालाच खाववत नाही म्हणून उरलाय.

—

चिवटच. वाक्य असं केलंय: ‘जिवाणू प्लवकाचे अवशेष कुजवतात तेव्हा नत्र आणि स्फुरद मोकळं होतं, बराचसा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात मिसळतो आणि थोडासा चिवट कर्ब हजारो वर्षं तसाच विरघळून राहतो.’ खनिज शब्द एकदाही आला नाही.